न्यूझीलंडला कॅम्परव्हॅनने: अडलं तर अनोळखी माणसांवर किती विसंबायचं?

रानजाई, नागपूर

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन फिरायचा बेत आहे. आम्ही चौघं: मी, हे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली लेक आणि सासूबाई. सासूबाईंना शुगर आहे, रोज इन्सुलिन घेतात, गुडघेही दुखतात, पण हौस सगळ्यात जास्त त्यांनाच. "गाडीतच घर म्हणजे माझा चहा माझ्या हाती," म्हणून त्यांनीच बेत पक्का केला. रस्ता साधारण असा: क्राइस्टचर्च, टेकापो, वानाका, तिथून हास्टच्या खिंडीतून पश्चिम किनारा, मग फॉक्स, फ्रांझ जोसेफ, होकिटिका आणि आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च. गाडी हे चालवणार. तिथेही डाव्या बाजूनेच चालवतात, त्यामुळे ती काळजी नाही.

माझं मन अडकलं आहे ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. आपल्याकडे रस्त्यात गाडी बंद पडली तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या उन्हाळ्यात वर्ध्याहून येताना बुटीबोरीच्या अलीकडे आमची गाडी गरम होऊन थांबली. बॉनेट उघडायच्या आत दोन बाइकवाले थांबले, एका ट्रकवाल्याने पाण्याची कॅन दिली आणि समोरच्या टपरीवाल्या दादांनी सासूबाईंना सावलीत खुर्ची टाकून दिली. पैसे घ्यायला कोणी तयार नाही. तिथे काय होईल? नकाशा बघून राहिली आहे, तर पश्चिम किनाऱ्यावर शे-सव्वाशे किलोमीटर धड गावच दिसत नाही.

हे म्हणतात, "माणसं सगळीकडे सारखीच, काही होत नाही." माझे मोठे दीर म्हणतात, "परदेशात कोण कोणाचं? खिशात पैसे असतील तर मदत, नाही तर बसा रस्त्यावर." दोघांचंही ऐकून समाधान होत नाही, कारण दोघांपैकी कोणीच असं फिरलेलं नाही.

आणखी एक. काही प्रवाशांचं वाचलं की लोक रात्री आपल्या घराच्या आवारात गाडी लावू देतात, आंघोळीला बाथरूमही देतात. लेक म्हणते आपणही तसंच करू, खर्च वाचेल. मला अनोळखी दारात उभं राहून काही मागायचं म्हटलं की तोंडून शब्द फुटत नाही. लहानपणापासून घरात एकच शिकवण: दुसऱ्याला द्यावं, दुसऱ्याचं घेऊ नये.

तर खरंच फिरून आलेल्यांनी सांगा. अडलं तर कोणाला, काय म्हणायचं? किती विसंबायचं? आणि तरुण मुलगी सोबत असताना अनोळखी घराच्या आवारात राहणं बरं का?

बजाजनगरचा_भटक्या

घाईत लिहितो. हास्टकडे निघण्याआधी वानाकाला टाकी फुल्ल करा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. तिकडे आपत्कालीन नंबर १११.

एकपदरी पूल खूप आहेत. लाल गोल पाटीत आपल्या बाजूचा बाण छोटा दिसला की आपण थांबायचं. निळ्या चौकोनी पाटीत आपला बाण मोठा पांढरा दिसला की समोरचा थांबतो. आणि कॅम्पर हळू चालते, मागे चार गाड्या साचल्या की बाजूला घेऊन वाट द्या. तिथे ती रीतच आहे. वाट दिली की लोक हात करून जातात, फार बरं वाटतं.

निवृत्त_लाइनवाला, लक्ष्मीनगर

रानजाई ताई,

तुमच्या दिरांचं म्हणणं मी आधी खोडून काढतो. आम्हाला तिथे ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यातल्या एकानेही पैसे घेतले नाहीत. मी खिशात हात घातला की त्यांचाच चेहरा उतरायचा. पण तुमच्या यजमानांचं "काही होत नाही" हेही मला पटत नाही. मदत मिळते, पण ती नीट मागावी लागते. हे मी न्यूझीलंडला जायच्या कितीतरी आधी शिकलो होतो.

मी वीज खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं काटोल-नरखेड भागात गेली. मे महिन्यात वादळ आलं की संत्र्याच्या बागांमधून गेलेल्या लाइनी तुटायच्या. रात्री-बेरात्री अनोळखी घराची कडी वाजवावी लागायची. "आमचं काहीतरी करा हो" म्हटलं की घरातला माणूस बिचकायचा. त्याला कळायचंच नाही की हे लोक किती वेळ घेणार, काय काय मागणार. पण "शिडी द्या, तासाभरात परत आणतो" म्हटलं की तो शिडी तर द्यायचाच, वर कंदील घेऊन स्वतः धरायला यायचा. काम आटोपल्यावर पिठलं-भाकर खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. मागणं छोटं असलं आणि ते कुठे संपतं हे दिसलं, की माणूस आपण होऊन त्यात भर घालतो. हेच मी तिथेही पाहिलं.

आता तुमच्या त्या रस्त्याचं. फॉक्स ग्लेशियर ते हास्ट साधारण १२० किलोमीटर. हा पट्टा जोडला गेला तोच १९६५ मध्ये. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये गच्च ओलं रान. पावसाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलीमीटर पडतो, त्याच किनाऱ्यावर खाली मिलफर्डला ६००० च्या वर. बऱ्याच पट्ट्यात फोन लागत नाही.

मी आणि सौ. दोघंच होतो. पॅरिंगा नावाच्या तळ्याच्या अलीकडे गाडीचं मागचं टायर बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पण भाड्याच्या कंपनीने दिलेला पाना नटावर बसेचना, एक माप मोठा. फोनला एकही काडी नाही. पावसाने जरा उघडीप दिली तशी सँडफ्लाय नावाची बारीक काळी माशी अंगावर तुटून पडली. तिच्या चाव्याची खाज चांगली आठवडाभर जात नाही, घोट्यापर्यंत मोजे घाला.

गाडी यायच्या आधी मी एक काम करून ठेवलं. वहीचा कागद फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गाडीचा नंबर आणि रंग, आम्ही नेमके कुठे आहोत, दोघं आहोत आणि दोघंही बरे आहोत, चाकाच्या नटाचा पाना हवा, नटाचं माप, आणि कंपनीचा फोन. बऱ्याच वेळाने एक गाडी आली. चालवणारी बाई वयस्क, मागच्या सीटवर मेंढ्या राखणारं कुत्रं. मी विचारलं, "तुम्ही हास्टला चालल्या आहात का? एवढा निरोप पेट्रोलपंपावर द्याल?" तिने कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. नटाचा आकडा नीट कळेना म्हणून परत विचारला. "खायला आहे ना? पाणी? उबदार कपडे?" मग स्वतःच्या पेनाने खाली वेळ लिहिली, कागद समोरच्या काचेवरच्या झडपेत खोचला आणि निघाली. नाव विचारायचंही सुचलं नाही आम्हाला.

पुढे हास्टकडून एक माणूस आला, नारिंगी जॅकेट घातलेला, रस्त्याच्या कामावरचा. त्याने आधी आपली गाडी आमच्या मागे तिरपी लावली, दिवे चालू केले, रस्त्यावर कोन मांडले आणि मगच पान्यांची पेटी उघडली. मी जन्मभर खांबावर चढणाऱ्या पोरांना "आधी सुरक्षा, मग काम" सांगत आलो, तो माणूस मला आपल्यातलाच वाटला. सौ.ने तोवर गॅसवर आलं घालून चहा केला. त्याने दोन कप घेतले. पैशाचं नाव काढलं तर मान हलवली. फक्त एक गोष्ट बजावली: "हास्टला पोहोचलात की पंपावर सांगून जा. सांगितलं नाहीत तर संध्याकाळी कोणाला तरी तुम्हाला बघायला परत यावं लागेल."

आम्ही आधी पंपावर गेलो. माझ्या हातची ती चिठ्ठी काउंटरमागे चिकटवलेली होती. तिथल्या मुलीने आमच्यासमोर तिच्यावर काट मारली.

हे "पोहोचलो" सांगणं मला मदतीइतकंच मोठं वाटतं. ज्याने तुमच्यासाठी गाडी थांबवली त्याच्या मनात तुम्ही घरी जाईपर्यंत असता. त्याला मोकळं करणं तुमच्याच हातात असतं.

मुक्कामाचं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. सासूबाई आणि लेक सोबत असताना रोजचा मुक्काम हॉलिडे पार्क, म्हणजे पैसे देऊन कॅम्पर लावायचा तळ, किंवा सरकारी संवर्धन खात्याच्या कॅम्पवर करा. रात्री जागा शोधत दारोदार फिरायचं नाही. आणि खरं सांगतो, माणसं भेटतात ती हॉलिडे पार्कच्या स्वयंपाकघरातच. मोठा ओटा, शेगड्या, लांब टेबलं, सगळ्या देशांची माणसं एकाच वेळी भांडी घासत असतात. तिथे बहुतेक ठिकाणी एक फळी असते, परतीला निघालेले लोक उरलेलं सामान त्यावर ठेवून जातात: अर्धं पाकीट तांदूळ, तेल, मीठ, पास्ता, चहापत्ती. घ्या, कोणाला विचारायचं नाही. होकिटिकाला सौ.ला त्या फळीवर चक्क बासमती मिळाला. आमच्याजवळ बेसन आणि मसाले होते. तिने वडाभात केला. शेजारच्या टेबलावर दोन पोरांना घेऊन एक जर्मन जोडपं बसलं होतं, त्यांच्या धाकट्याने मागून मागून वडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थाने आमच्या गाडीची पाण्याची टाकी भरायला पाइप ओढून दिला, माझी कंबर धरली होती म्हणून.

निघताना आम्हीही फळीवर सामान ठेवून आलो. तुम्हीही ठेवाल.

कँटरबरीतली_वऱ्हाडीण, क्राइस्टचर्च

ताई, मी मूळची इतवारीची. लग्न होऊन इकडे आली, आता हेच घर. आमच्या आवारात कॅम्परवाले लोक येऊन राहतात, म्हणून देणाऱ्याच्या बाजूने सांगते.

आधी हे का करते ते. २२ फेब्रुवारी २०११ ला इथे मोठा भूकंप झाला, १८५ माणसं गेली. आमच्या भागात जमिनीतून पाणी आणि करडा गाळ वर आला, अंगणात घोट्याच्या वर साचला, दार उघडेना. मुलं लहान, नळाला पाणी नाही. दोन दिवसांनी फावडी आणि ढकलगाड्या घेऊन कॉलेजची पोरं-पोरी गल्लीत आली. विद्यार्थ्यांनी आपसांत जमवलेली ती फौज होती, शहरभर गाळ उपसत फिरत होती. आमचं अंगण त्यांनी दुपारपर्यंत मोकळं केलं आणि पुढच्या घरी गेली. त्यांच्यातला एकही चेहरा मला आज ओळखता यायचा नाही. त्यांना परत काही देता येत नाही, म्हणून माझ्या दारात कोणी गाडी घेऊन आलं की मी जागा देते.

आता काय आवडतं आणि काय नाही. आधी कळवलेलं आवडतं: किती जण, किती वाजता, किती रात्री. अंधार पडल्यावर अचानक दार वाजलं तर इथे लोक दचकतात, शहरात तर जास्तच. एक रात्र म्हटलं तर सकाळी निघणं आवडतं, हवं असेल तर आम्हीच राहा म्हणू. आणि बाप्पा, सांडपाणी गवतावर सोडू नका! भांडी घासलेलं पाणी आणि संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, दोन्ही डंप स्टेशनवरच रिकामी करायची. ही स्टेशनं गावोगाव आहेत.

लेकीला हेही सांगा की फुकटात कुठेही गाडी उभी करून झोपता येत नाही. त्यासाठी २०११ पासून कायदाच आहे आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक केला. गाडीत संडास पक्का बसवलेला हवा, तरच "स्वयंपूर्ण" असल्याचा हिरवा दाखला मिळतो, आणि दाखला असूनही प्रत्येक गावच्या पाट्या बघाव्या लागतात. चूक झाली की दंड शेकडो डॉलरचा. खासगी आवाराची गोष्ट वेगळी, तिथे मालकाची परवानगी हवी.

मुलीबद्दल म्हणाल तर मी आई म्हणून सांगते. कोणाच्या आवारात राहायचं झालं तर दिवसाउजेडी पोहोचा, घरच्या माणसांशी चहाच्या निमित्ताने दहा मिनिटं बोला, मग ठरवा. मन कचरलं तर "आम्हाला पुढे जायचं आहे" म्हणून निघा, कोणी वाईट वाटून घेत नाही. अशा वेळी जवळचा हॉलिडे पार्क कोणता, हे आधीच बघून ठेवलेलं असावं. राहिलात तर गाडीचं तोंड फाटकाकडे करून लावा आणि पत्ता नागपूरला कोणाला तरी कळवून ठेवा. फेब्रुवारीत इथलं घड्याळ साडेसात तास पुढे असतं, म्हणजे इथे संध्याकाळचे सात वाजले तर तिकडे सकाळचे साडेअकरा. कळवायला सोयीचं पडतं.

छोट्या गावांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. तिथे आगीचा बंब घेऊन येणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात. दुकानदार, शेतकरी, शाळेतली बाई. अपघातालाही तेच धावतात. म्हणून तुम्ही नीट गाडी चालवणं हीच त्यांच्यावर मोठी मेहेरबानी.

क्राइस्टचर्चला आलात तर मला निरोप करा, पहिली रात्र आमच्याकडे काढा. सासूबाईंना खाली आंघोळीची सोय आहे, पायऱ्या चढायला नकोत.

धंतोलीचा_डॉक्टर

लाइनवाले काका, आपला अनुभव फार चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मदत मिळाली तर आनंद, पण ती बेतात धरायची नाही. जे पैसे देऊन आधी घेता येतं ते घ्यावं आणि मगच निघावं. ७० च्या पुढचं माणूस सोबत असेल तर जास्तच.

तिथे अपघातात इजा झाली तर एसीसी नावाची सरकारी योजना पर्यटकाच्याही उपचाराच्या खर्चात मदत करते. पण आजारपणाला ती लागू नाही. शुगर खाली गेली, छातीत दुखलं, न्यूमोनिया झाला, तर बिल तुमचं. त्यामुळे प्रवास विमा घ्या आणि अर्जात मधुमेह स्पष्ट लिहा. लपवला तर दावा अडतो. औषधं मूळ पाकिटात, तीन महिन्यांपेक्षा जास्त नको, सोबत प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र.

इन्सुलिन गाडीच्या फ्रीजमध्ये ठेवाल तर बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामी असतं, टाकून द्यावं लागतं. ते नेहमी दाराच्या बाजूला, डब्यात, कापडात गुंडाळून ठेवा. साठ्याचे दोन भाग करा, एक फ्रीजमध्ये आणि एक वेगळ्या थंड पिशवीत. ग्लुकोजच्या गोळ्या सासूबाईंच्या स्वतःच्या पर्समध्ये.

फोन न लागणाऱ्या भागासाठी उपग्रहाला संदेश देणारा आपत्कालीन बीकन तिथे भाड्याने मिळतो. तो घ्या. तो हाताशी असला तर कोणाची गाडी येते का म्हणून वाट पाहत बसावं लागत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं आणि इतवारीच्या ताईंचं सासूबाईंना वाचून दाखवलं. भूकंपाचं ऐकून त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "तिला कळव, मी येईन आणि पातोडीची भाजी करीन." डॉक्टरसाहेब, विम्याच्या अर्जात शुगर लिहायची की नाही यावरून घरात खरंच वाद चालू होता, तो मिटला. बीकन घेणार.

मुक्काम हॉलिडे पार्कमध्येच करायचं ठरलं, लेकही तयार झाली. पहिली रात्र मात्र ताईंकडे.

आता दोन प्रश्न. ह्यांना वाटतं मदत करणाऱ्यांना द्यायला म्हणून संत्रा बर्फीचे डबे न्यावेत. चालतील का? आणि काका, माझा संकोच अजून तसाच आहे. निरोपाची चिठ्ठी मी लिहीन, ते जमेल. पण कोणी आपणहून काही दिलं, जेवायला बोलावलं, तर "नको नको"च तोंडून निघणार. ते कसं करावं?

निवृत्त_लाइनवाला, लक्ष्मीनगर

ताई, बर्फी नेऊ नका. दुधाच्या पदार्थांवर तिथे फार कडक नियम आहेत, मध तर अजिबात चालत नाही. खायची कोणतीही वस्तू सामानात असली की ती जाहीर करायची. लपवलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. गडचिरोलीच्या बांबूच्या वस्तूही जाहीर कराव्या लागतात, वनस्पतीची वस्तू म्हणून तपासतात. आम्ही भंडाऱ्याच्या कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, रुमाल आणि दोन-चार स्टोल नेले होते. हलके, गाडीत जागा खात नाहीत. पोहे, बेसन, मसाले क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतात, इथून ओझं नको. तिथे केलेला गरम पदार्थ नेऊन देणं सगळ्यात चांगलं.

डॉक्टरसाहेबांचं मला मान्य आहे. विमा, बीकन, भरलेली टाकी, हे दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोडू नये. पण साहेब, माझ्याकडे पाना होता तरी तो बसला नाही. सगळी तयारी करूनही एखादी जागा रिकामी राहते. तिथे माणूसच लागतो, आणि त्याला हाक मारण्यात कमीपणा नाही एवढंच माझं म्हणणं.

संकोचाचं सांगतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भोजनदानाचे मांडव असतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. निवृत्त झाल्यापासून मी एका मांडवात वाढायला उभा असतो. समोरचा कुठून आला, कोण आहे, कोणी विचारत नाही. कोणी संकोचाने हात जोडून पुढे निघाला की वाढणाऱ्याला चुटपुट लागते. कोणी पत्रावळ घेऊन तिथेच खाली बसला, "भाजी थोडी अजून वाढा दादा" म्हणाला, की आमचा दिवस सार्थकी लागतो. मी तिथे देणारा म्हणून उभा राहिलो, म्हणून हास्टच्या रस्त्यावर घेताना मला जड गेलं नाही. कोणी जेवायला बोलावलं तर एकदा विचारा, "तुम्हाला त्रास नाही ना होणार?" समोरचा नाही म्हणाला की "हो, येतो" म्हणा आणि वेळेवर जा. दुसऱ्यांदा नको म्हणू नका. तिकडे नको म्हणजे नकोच समजतात, आपल्यासारखा तीनदा आग्रह करत नाहीत, आणि तुम्ही उगाच उपाशी राहाल.

यजमानांना सांगा, परवान्याचं आत्ताच बघून घ्या. महाराष्ट्राचा परवाना इंग्रजीत छापलेला असतो, तो तिथे चालतो, पण भाड्याच्या काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. गिरीपेठच्या आरटीओतून काढून ठेवलेला बरा. आणि गाडी ताब्यात घ्याल तेव्हा कंपनीच्या आवारातच पाना काढून चाकाच्या नटावर लावून बघा. बसला तरच सही करा.

रानजाई

ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं. पान्याचं त्यांनी फोनमध्ये टिपून घेतलं आहे. सोमवारी आरटीओत जाऊन राहिले आहेत. कोशाचे स्टोल मी पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला नणंदेकडे जाणार आहे तेव्हा आणते. इतवारीच्या ताई, तुम्हाला निरोप पाठवला आहे, आमची तारीख आणि विमान उतरायची वेळ त्यात लिहिली आहे.